विमान कंपन्यांचा इंधनखर्च आणि कार्बन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैमानिकाचं प्रशिक्षण घेणारी मुलंमुली, रॅम्पवर (विमान उभं असतं तिथे) काम करणारे, उड्डाणाची आखणी करणारे डिस्पॅचर, कंपन्यांच्या हिशेब विभागातली मंडळी आणि जिज्ञासू प्रवासी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे मुख्यतः एअरबस ए३२० जातीच्या विमानाचे आहेत, कारण आपल्याकडच्या देशांतर्गत उड्डाणांत तेच सर्वाधिक दिसतं. दुसऱ्या विमानासाठी आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

१. विमान कंपन्या सतत इंधनाबद्दलच का बोलतात? बाकीचे खर्च नाहीत का?

आहेत की. विमानांचं भाडं, देखभाल, पगार, विमानतळाचे आकार, सगळं आहे. पण भारतात इंधनाचा वाटा एकूण खर्चाच्या साधारण ३० ते ४० टक्के पडतो, आणि सगळ्यांत जास्त वरखाली होणारा आकडाही हाच. एटीएफचे, म्हणजे विमानाच्या इंधनाचे दर दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. शिवाय एटीएफ अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे राज्याचा व्हॅट भरावा लागतो आणि त्याचं क्रेडिट (भरलेला कर पुढे वळता करण्याची सोय) मिळत नाही. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा कंपन्यांना केवढा दिलासा मिळाला ते यावरून कळेल. इंधनाचा दर कंपनीच्या हातात नसतो. किती किलो जाळायचं, हे मात्र बऱ्याच अंशी असतं.

२. एक किलो इंधन वाचलं की कार्बन किती वाचतो?

३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड. जाळलेल्यापेक्षा जास्त वजन कसं, असं पुष्कळ जण विचारतात. इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्याचं वजन त्यात धरलेलं असतं. लिटरमध्ये मोजायचं तर एक लिटर एटीएफ साधारण ०.८ किलो भरतं, म्हणजे लिटरमागे अडीच किलो.

मुंबई-दिल्ली उड्डाणाचा ढोबळ हिशेब असा: सुमारे दोन तास, साडेचार टनांच्या आसपास इंधन, म्हणजे चौदा टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. विमानात १६० प्रवासी असतील तर माणशी नव्वदेक किलो. विमान अर्धं रिकामं गेलं तर इंधन फारसं कमी होत नाही, माणशी आकडा मात्र जवळपास दुप्पट होतो. म्हणून भरलेलं विमान हाच पहिला आणि सर्वांत मोठा उपाय आहे.

३. इंजिनं आता इतकी सुधारली आहेत, मग वाचवण्यासारखं उरलंच काय?

ए३२०निओ बाजारात आलं ते जुन्या विमानापेक्षा सुमारे १५ टक्के इंधन वाचवण्याच्या हमीवर. एवढी मोठी उडी रोजच्या कामकाजातून कधीच मिळणार नाही, हे आधीच मान्य करायला हवं. पण नवं विमान मागवलं की ते हातात यायला वर्षं लागतात. तोवर, आणि ते आल्यावरसुद्धा, जमिनीवरची रांगण्याची मिनिटं, हवेतल्या घिरट्या, नको ते वजन आणि वाकडे मार्ग यांत इंधन जातच राहतं. या पानावरचे उपाय त्या गळतीबद्दल आहेत. एकेक उपाय पाव-अर्ध्या टक्क्याचा असतो, आणि तो शेकडो उड्डाणांत रोज पाळला तरच ताळेबंदात दिसतो.

४. मुंबईवर विमान अर्धा-पाऊण तास घिरट्या घालतं. यात कंपनी काय करू शकते?

मुंबईची अडचण जागेची आहे. ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. म्हणजे व्यवहारात एकाच धावपट्टीवर सगळा भार. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या तासांतली उड्डाणं ताशी ४६ वरून ४४ वर आणायला सांगितली. त्या वेळी मंत्रालयाने दिलेला हिशेब मुद्दाम लक्षात ठेवावा: विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन पितं, ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर, म्हणजे १.८ लाख रुपये जातात, आणि तासभर फिरलं तर अडीच किलोलिटर, म्हणजे साधारण २.६ लाख. प्रश्न दोन मधल्या सूत्राने पाहिलं, तर त्या एका तासात सहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि एकही प्रवासी एक किलोमीटरसुद्धा पुढे सरकत नाही. मला यासारखी चीड आणणारी दुसरी उधळपट्टी या धंद्यात दिसत नाही.

कंपनीच्या हातात तीन गोष्टी आहेत. पहिली, उशीर होणारच असेल तर तो निघण्याच्या विमानतळावर, इंजिन बंद ठेवून घ्यायचा. दिल्लीतून चालणारी केंद्रीय प्रवाह-नियंत्रण व्यवस्था उड्डाणाची वेळ ठरवून देते ती त्यासाठीच. प्रवासी कुरकुरतात, पण जमिनीवरची वीस मिनिटं हवेतल्या वीस मिनिटांपेक्षा कितीतरी स्वस्त आणि स्वच्छ असतात. दुसरी, पुढे रांग आहे हे कळल्यावर वाटेतच वेग कमी करायचा. लवकर पोहोचून रांगेत फिरण्यात काहीच हशील नाही. तिसरी, वेळापत्रक करतानाच खरी सरासरी धरायची. कागदावर सुंदर दिसणारी वेळ पुढे कॅप्टनला वेग वाढवायला लावते (प्रश्न ९ पाहा).

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाल्याने भार वाटला जाईल. पण दोन्ही विमानतळांचं आकाश एकमेकांना लागून आहे, तेव्हा घिरट्या एका रात्रीत थांबतील अशी अपेक्षा धरू नये.

५. उतरल्यावर एक इंजिन बंद करून टॅक्सी करतात (जमिनीवरून चाकांवर जातात) म्हणे. हे सुरक्षित आहे का?

हो, विमान उत्पादकाने आखून दिलेली ही पद्धत आहे. दोन्ही इंजिनं चालू असताना ए३२० टॅक्सी करताना मिनिटाला साधारण १० ते १२ किलो इंधन जाळतं. एक बंद केलं की निम्मं वाचेल असं वाटतं, पण उरलेल्या इंजिनाला जास्त ओढावं लागतं. प्रत्यक्ष बचत २० ते ४० टक्के मिळते. दहा मिनिटांच्या टॅक्सीत तीसेक किलो धरा.

आता जवळून पाहा. चाकं टेकली, रिव्हर्स (वेग कमी करणारा इंजिनाचा उलटा झोत) आत गेला, विमान धावपट्टीवरून बाहेर वळलं. इंजिन तापलेलं आहे, त्यामुळे ते लगेच बंद करायचं नाही, साधारण तीन मिनिटं आयडलवर, म्हणजे किमान वेगावर, थंड होऊ द्यायचं. फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) घड्याळ लावतो. बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, जवळच मिळाला असेल तर तीन मिनिटं होईपर्यंत विमान पार्किंगला पोहोचलेलंही असतं, आणि मग या उपायाला अर्थ उरत नाही. बे लांब असेल किंवा पुढचं विमान अजून हललेलं नसेल, तर बचत चांगली होते. निघताना उलट गणित: दुसरं इंजिन सुरू करून पूर्ण ताकद लावण्याआधी ते काही मिनिटं तापवावं लागतं. रांग अचानक मोकळी झाली तर मागच्या विमानांची खोळंबा-खोळंबी होते. म्हणून बहुतेक कंपन्या आधी उतरल्यानंतरच्या टॅक्सीवर भर देतात. तेच बरोबर आहे.

चढाचा टॅक्सीवे, जड विमान, तंग वळण, ओला पृष्ठभाग, मागे उभी माणसं किंवा सामान असेल, तर हा उपाय करायचा नाही. एका इंजिनाला हलण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो आणि मागे फेकली जाणारी हवा माणूस पाडू शकते.

६. मग टॅक्सीबॉट का वापरत नाहीत?

वापरून पाहिला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीला एअर इंडियाच्या ए३२० ने प्रवाशांसह टॅक्सीबॉटच्या मदतीने धावपट्टीपर्यंत मजल मारली. ओढणारं वाहन बाहेरचं, पण दिशा आणि ब्रेक कॉकपिटमधून, इंजिनं बंद. कल्पना उत्तम आहे. अडतं ते जागेवर: विमान सोडल्यावर त्या वाहनाला परत यायला वेगळा रस्ता लागतो, आणि मुंबईसारख्या दाटीत तो काढणं कठीण जातं.

७. पार्किंगमध्ये उभ्या विमानाच्या शेपटीकडून आवाज येत असतो. तेव्हाही इंधन जळतं का?

जळतं. ते एपीयू, शेपटीतलं छोटं इंजिन. वीज आणि थंड हवा पुरवतं आणि ए३२० वर तासाला शंभर ते एकशेतीस किलो इंधन घेतं. विमानतळाची वीज आणि थंड हवेची नळी लावली तर त्याची गरज पडत नाही.

खरी गोम नळी आणि केबल वेळेवर लागण्यात आहे. विमान थांबलं, चाकं अडवणारे चॉक लागले. कॉकपिटमधला बाहेरच्या विजेचा हिरवा दिवा लागेपर्यंत कॅप्टन एपीयू बंद करू शकत नाही, केला तर केबिन अंधारात जाईल. दोन-तीनदा वाट पाहायला लागली की तो पुढच्या वेळी एपीयू चालूच ठेवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मेमधल्या नागपुरात थंड हवेची नळी नसताना एपीयू बंद करा असं सांगणं प्रवाशांवर अन्याय आहे. त्यामुळे वैमानिकांना परिपत्रक काढण्याआधी ग्राउंड हँडलिंगच्या करारात ‘चॉक लागल्यापासून इतक्या मिनिटांत वीज’ ही अट घाला आणि ती मोजा. माझ्या मते सगळ्यात लवकर फळ देणारा उपाय हाच.

८. मासिकं, पाणी, पातळ सीट... एवढ्याशा वजनाने खरंच फरक पडतो?

अंगठ्याचा नियम असा, की उड्डाणाच्या दर तासाला जादा वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इंधन ते वजन वाहण्यातच जातं. ए३२० ची पिण्याच्या पाण्याची टाकी २०० लिटरची असते. मुंबई-गोव्याला तासाभराच्या उड्डाणात ती काठोकाठ भरून नेण्याची गरज नसते. १०० लिटर कमी भरलं तर तीन-चार किलो इंधन वाचतं. एका उड्डाणाला किरकोळ, वर्षाच्या उड्डाणांना मोठं. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वैमानिकांच्या कागदांनी भरलेल्या जाडजूड बॅगा काढून टॅब्लेट दिले, तेव्हा वर्षाला चार लाख गॅलन इंधन वाचेल असा तिचा अंदाज होता.

वजन कमी न करताही थोडी बचत होते. परवानगीच्या मर्यादेत सामान मागच्या होल्डमध्ये जास्त ठेवलं, की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि शेपटीला विमान समतोल राखण्यासाठी कमी झगडावं लागतं. लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. यासाठी दमडी लागत नाही.

९. विमान हळू उडवलं तर इंधन वाचतं ना? मग सगळे हळू का उडवत नाहीत?

कारण वेळेलाही किंमत आहे. देखभालीचा खर्च आणि क्रूचे तास मिनिटांवर चालतात, आणि जोडउड्डाण चुकलेल्या प्रवाशाची सोय कंपनीलाच करावी लागते. वेळेचा खर्च भागिले इंधनाचा खर्च म्हणजे कॉस्ट इंडेक्स. तो शून्य ठेवला तर विमान कमीत कमी इंधनात जाईल, पण उशिरा. इंधन महागलं की हा आकडा खाली यायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो एकदा ठरवला की वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मार्गानुसार आणि महिन्यानुसार तो तपासणं हे हिशेब विभाग आणि फ्लाइट ऑपरेशन्सने एकत्र बसून करायचं काम आहे.

१०. वैमानिक नेहमी जादा इंधन घेतात. त्यांना रोखावं का?

नाही. यावर माझं मत ठाम आहे. किती इंधन घेऊन निघायचं, याचा अखेरचा निर्णय कॅप्टनचा. नियमाने मुक्कामापर्यंतचं इंधन, अनपेक्षित गोष्टींसाठीचा हिस्सा, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटची ३० मिनिटांची राखीव शिधा एवढं तर हवंच. त्यावर कॅप्टन काही घेत असेल तर त्यामागे त्याचा अनुभव असतो.

मात्र अनुभवाला आकड्यांची जोड देता येते. ‘जुलैत संध्याकाळी सातच्या या उड्डाणाला गेल्या वर्षी किती वेळा घिरट्या घालाव्या लागल्या, किती मिनिटं’ हे ब्रीफिंगच्या कागदावर छापलं, तर कॅप्टन स्वतःच ठरवतो. पुष्कळदा तो कमी घेतो. कधी जास्तही घेतो, आणि तेही योग्यच असतं. जादा इंधन घेणाऱ्यांची नावानिशी यादी भिंतीवर लावण्याचा प्रकार कुठे होत असेल, तर तो आजच बंद करावा. किलो वाचवायला निघालेल्या कंपनीने कॅप्टनच्या मनावर ओझं ठेवू नये.

११. नवी मुंबई इतकी जवळ आहे, तर तिला पर्यायी विमानतळ धरून इंधन कमी नेता येईल?

कागदावर हो, पर्यायी विमानतळ जितका जवळ, तितकं राखीव इंधन कमी. पण जून ते सप्टेंबर दोन्हीकडे पाऊस एकच असतो. मुंबईत ढगफुटीसारखा कोसळत असताना नवी मुंबई उघडी असेलच याची खात्री कोण देणार? अशा दिवशी अहमदाबाद किंवा गोव्यासारखा दूरचा पर्याय धरावा आणि त्याचं इंधन बिनदिक्कत न्यावं. कोरड्या महिन्यांत जवळचा पर्याय विचारात घ्यायला हरकत नाही.

१२. स्वस्त राज्यात टाकी भरून घ्यायची, महाग राज्यात भरायचीच नाही. हे चालतं का?

चालतं, याला टँकरिंग म्हणतात. आणि खर्च व कार्बन एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात, याचं हे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण आहे.

समजा परतीसाठी दोन टन जादा इंधन घेऊन दोन तासांचं उड्डाण केलं. प्रश्न ८ मधल्या नियमाने त्यातलं १४० किलोच्या आसपास वाटेतच जळतं. म्हणजे पुढच्या विमानतळावर दर साडेसात टक्क्यांहून जास्त महाग असेल तरच पैसे सुटतात. सुटले तरी सुमारे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड जादा हवेत गेला, तो केवळ दोन ठिकाणच्या करांत तफावत आहे म्हणून. शिवाय विमान जड उतरतं, ब्रेक जास्त झिजतात. युरोपीय संघाने यावर नियमच केला आहे: तिथल्या विमानतळावर लागणाऱ्या वार्षिक इंधनापैकी ९० टक्के तिथेच भरायचं. आपल्याकडे व्हॅटचे दर राज्याराज्यांत जवळ आले, तर ही प्रथा आपोआप ओसरेल. तोवर कंपनीने निदान टँकरिंगचा कार्बन वेगळा मोजून स्वतःच्या अहवालात लिहावा.

१३. नकाशावर रेघ सरळ, मग विमान वाकडं का जातं?

मोठ्या प्रमाणावर लष्करी हवाई क्षेत्रामुळे. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी ६० टक्केच नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतं, असं केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मे २०२० मध्ये सांगितलं होतं, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटींचा फायदा होईल असा अंदाजही दिला होता. सराव नसेल तेव्हा ते क्षेत्र नागरी विमानांना खुलं करण्याची पद्धत याचसाठी आहे. डिस्पॅचरने शेवटच्या तासात मार्ग पुन्हा तपासला तर मोकळा झालेला सरळ मार्ग हाती लागतो.

काही वळसे मात्र कुठल्याही कौशल्याने टळत नाहीत. २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारी ते जुलै बंद होतं. २ जुलैपर्यंत एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झालं. अशा काळात वर्षाची बचत मोजताना तो वळसा बाजूला काढूनच मोजावा.

१४. हरित विमान इंधनाने, म्हणजे एसएएफने, खर्च कमी होतो का?

खर्च वाढतो. एसएएफ साध्या एटीएफच्या दुपटीहून अधिक महाग पडतं. फायदा कार्बनचा. तिथेही नीट समजून घ्यावं: इंजिनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ तेवढाच असतो, कच्चा माल वाढताना हवेतून घेतलेला कार्बन धरून, संपूर्ण साखळीत तो ८० टक्क्यांपर्यंत कमी भरतो. आजच्या मानकांनुसार ते साध्या इंधनात ५० टक्क्यांपर्यंतच मिसळता येतं.

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या उड्डाणात देशात तयार झालेलं एसएएफ एक टक्क्यापर्यंत मिसळलं होतं. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या साथीने बनवलं होतं. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के अशी दिशा ठरवली आहे. इथेनॉलपासून विमान इंधन करता येतं, त्यामुळे आपल्या साखर कारखान्यांना यात रस असणं साहजिक आहे. पण उसाला लागणारं पाणी त्या हिशेबात धरायलाच हवं. वापरलेलं खाद्यतेल आणि शेतातला टाकाऊ माल यांना मी आधी पसंती देईन.

१५. कोर्सियाचा भार देशांतर्गत तिकिटावर पडेल का?

नाही. कोर्सिया ही कार्बनच्या भरपाईची जागतिक योजना आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरती आहे. २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्के या पातळीच्या वर जे उत्सर्जन होईल त्याची भरपाई त्यात करायची असते. भारत २०२७ पासून त्यात येतो.

१६. आमची कंपनी छोटी आहे, दोन-चार एटीआर (पंख्याची छोटी विमानं). सुरुवात कुठून करू?

महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी तीन गोष्टी रोज लिहा: टॅक्सीची मिनिटं, पार्किंगमध्ये इंजिन किंवा बाहेरची वीज किती वेळ चालली, आणि योजनेतलं इंधन विरुद्ध प्रत्यक्ष जळलेलं. एटीआरला वेगळं एपीयू नसतं. उजवं इंजिन पंखा अडकवून त्या कामाला वापरतात. त्यामुळे प्रश्न ७ मधला मुद्दा तुम्हाला आणखी लागू पडतो. तीन महिन्यांत गळती कुठे आहे ते या कागदावर दिसेल.

१७. सल्लागार सांगतात ते बचतीचे आकडे खरे मानायचे का?

तपासून. प्रत्येक उपायाची बचत वेगवेगळी मोजून बेरीज केली, तर तोच किलो दोनदा धरला जातो. टॅक्सीचा वेळ कमी झाला, तर एक इंजिन बंद ठेवण्याची बचतही कमी होणारच. प्रवासीभार, वारा आणि मार्ग बदलला की इंधन बदलतं, म्हणून तुलना सारख्या उड्डाणांचीच करायची. आणि बचतीवर वैमानिकांना वैयक्तिक बक्षीस ठेवू नये. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

१८. पावसाळ्यात यातलं काय थांबवायचं?

ओल्या धावपट्टीवर कमी फ्लॅपने (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली वळणाऱ्या पट्ट्यांनी) उतरणं आणि रिव्हर्स आयडलवर ठेवणं, या दोन्ही सवयी पूर्ण बाजूला ठेवायच्या. त्यातून वाचणारं इंधन अगदी थोडं आणि धोका फार मोठा. एका इंजिनाची टॅक्सी आणि टँकरिंगही जोरदार पावसात नको. एपीयू, पाणी आणि लोडशीटचे उपाय बाराही महिने चालू राहतात.

१९. जादा इंधन जाळून हवामानाचा फायदा होऊ शकतो, हे खरं का?

काही वेळा, हो. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा थंड, दमट थरात तासन्‌तास टिकतात आणि पृथ्वीची उष्णता अडवतात. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० उड्डाणांत तो थर टाळण्यासाठी उंची बदलून पाहिली. रेषा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि त्या उड्डाणांना २ टक्के जादा इंधन लागलं. म्हणजे इथेही प्रश्न १२ सारखीच ओढाताण आहे, फक्त बाजू उलटी: पैसे जास्त, तापमानवाढ कमी. ज्या कंपनीच्या अहवालात फक्त किलोंचा रकाना आहे, तिथे असं उड्डाण नापास ठरेल. म्हणून रेषा टाळण्यासाठी उंची बदलली असेल, तर ते इंधन वेगळ्या रकान्यात, कारणासह नोंदवावं.